मेलेल्या माशांची साक्ष

"विष! चीजघरात विष!"

सोमवारी सकाळी सात वाजता नेप्ताली ओरडत पळत सुटला, तेव्हा गावाने अजून तोंडही धुतलं नव्हतं. आठपर्यंत मात्र सगळे चीजघरासमोर हजर. काहामार्काच्या या डोंगरात पोलीस फिरकत नाहीत. गावची गस्त हेच पोलीस, गावची सभा हेच कोर्ट. गस्तीची प्रमुख सोइला. साठीची, ठेंगणी, डोक्यावर उंच गवती टोपी आणि जिभेला धार.

"आत कोण गेलं होतं?" तिने विचारलं.

"फक्त मी, मावशी. दार उघडलं, पाहिलं, पळालो. कशाला हात नाही लावला."

चीजघर त्याच्या वहिनीचं, देल्मिराचं. अठरा बायका तिथे दूध घालत, त्यावर अठरा घरं चालत. देल्मिरा काल पहाटेच कुलूप लावून बाम्बामार्काच्या बाजाराला गेली होती. किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे, दुसरी नेप्तालीच्या गळ्यात.

सोइला एकटी आत शिरली. खिडकीच्या चौकटीवर, तुळईवर, वरच्या फळीमागच्या भिंतीवर माशा मरून चिकटलेल्या. जमिनीवर एकही नाही. दोन जिवंत माशा चीजवर खुशाल बागडत होत्या. वरच्या काळ्या फळीवर किडे मारायच्या औषधाची बाटली होती. फळीवर पिठासारखी पांढरी भुकटी, बाटली मात्र लख्ख.

तिने बाटली अलगद उचलली. बाटलीचा तळ आतून खोलगट होता. फळीवर गोल वळ उठला होता, आणि वळाच्या आतही तीच भुकटी.

सोइला बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं.

नऊच्या गाडीने देल्मिरा उतरली. टोपल्या खाली ठेवायच्या आतच नेप्ताली तिच्या अंगावर गेला.

"वहिनी, माशा मारायला खाण्याच्या जागेत विष फवारलंस? गावाला मारतेस का?"

"जीभ सांभाळ."

"चीजघर बंद करा!" मागून कोणीतरी ओरडलं. दोनचार हात वर झाले, मग दहाबारा. भीती पसरायला वेळ लागत नाही.

देल्मिरा पायरीवर चढली. "हात वर करणाऱ्यांनो, आधी सांगा, अकरा वर्षांत माझ्या चीजने कुणाच्या पोराचं पोट तरी दुखलं का? मी मान खाली घालणार नाही. बंद करायचं तर मला इथून उचलून न्यावं लागेल!"

"तुला कोण उचलतंय," सोइला म्हणाली. "आणि तुम्ही हात खाली घ्या. नेप्ताली, इकडे ये. काल दिवसभर आत कोण गेलं?"

"कोणी नाही. कुलूप होतं."

"रात्री?"

"किल्ली गळ्यात घालून झोपलो होतो."

"मग बाटली तिथे कधीपासून आहे?"

"काल पहाटेपासून! निघायच्या आधी फवारलं आणि विसरली. दुसरं काय?"

"छान. सगळ्यांनी ऐकलंत ना?" सोइलाने टोपी मागे सारली. "आता माझं ऐका. विषाने माशी मेली की खाली पडते, उताणी. आतल्या माशा वर चढून मेल्यात. सोंड लाकडाला चिकटलेली, पंख उभे, फुगल्या पोटावर पांढरे पट्टे. याला विष नाही, बुरशी म्हणतात. दमट दिवसांत ती माशीच्या अंगात शिरते, आतून पोखरते, आणि मरताना तिला उंच चढायला लावते. माशी मरते सूर्य मावळताना. मग रात्रभर तिच्या पोटातून पांढरी भुकटी उडते. माझ्या गोठ्यात दर पावसाळ्यात हेच बघते मी."

"मग बाटली?" एकाने विचारलं.

"तेच सांगतेय. भुकटी काल रात्री पडली. बाटली काल पहाटेपासून असती तर भुकटी बाटलीवर बसली असती. पण बाटली स्वच्छ, आणि भुकटी तिच्याखाली! म्हणजे बाटली आज सकाळी ठेवली. देल्मिरा तेव्हा गाडीत होती. सकाळी आत गेला फक्त एक जण. त्यानेच सांगितलंय."

नेप्ताली पांढराफटक पडला.

"मेलेल्या माशा दिसल्या आणि तुला वाटलं, आयतं घबाड मिळालं. फक्त बाटली आणायची राहिली. का केलंस रे?"

"दूध कंपनीने..." तो पुटपुटला. "चीजघर बंद पडलं तर गावाचं सगळं दूध त्यांचं. मला त्यांच्या दूध गोळा करायच्या केंद्राचा मुकादम करणार होते."

सभा खवळली. कोणी म्हणे महिनाभर रात्रीची गस्त घालायला लावा, कोणी म्हणे गावाबाहेर काढा.

"थांबा!" देल्मिरा म्हणाली. "नाव माझं घालवलंय, शिक्षा मी सांगते. दर रविवारी बाजारात माझ्या शेजारी उभं राहायचं. गिऱ्हाईक आलं की आधी चीजचा तुकडा तू खायचा, आणि का खातोस तेही मोठ्याने सांगायचं."

"किती रविवार?" सोइलाने विचारलं.

"लोक विचारायचे थांबेपर्यंत," ती म्हणाली, आणि जमलेल्या बायकांकडे वळून ओरडली, "बघत काय बसलात? दूध आणा!"