वगळणी

करंजखाडीवरच्या अकरा किलोमीटरच्या पुलाचा विश्वासांक, म्हणजे तो उद्याही उभा असेल याची खात्री, पुलाच्या तोंडाशीच हिरव्या आकड्यांत झळकत असे : ९९.९९९९. लोक तो वाचायचे आणि बिनघोर गाडी दामटायचे. धाकू तांडेल मात्र त्याकडे ढुंकूनही बघत नसे. मडकं घेताना वाजवून बघावं तसा तो चौतीस वर्षं हातोडीने पुलाचा एकेक बोल्ट ठोकून, कान लावून ऐकत आला होता. परवा निवृत्ती आणि तडक नागपूर! तिथे त्याच्या एकुलत्या एका लेकीचे, शेवंतीचे, बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. आई नसलेल्या पोरीने एकच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही हवेत."

आणि आज पुलाच्या शास्त्रज्ञ डॉक्टर केतकी बिवलकर स्वतः त्याला शोधत आल्या.

"धाकूमामा, संगणकात या पुलाचा एक जुळा आहे, हुबेहूब नक्कल. त्यातून आम्ही एकेक भाग वगळतो आणि पूल तगतो का ते बघतो. चार लाख भाग तपासून झाले. कुठलाही काढा, बाकीचे सावरून घेतात."

"मग बरंच आहे की!"

"काल जुळ्याने आपणहून एक भाग वगळला. आमच्या यादीत नसलेला. त्याच्या हिशेबात एकोणिसाव्या दिवशी पूल कोसळला."

"अरे देवा! कुठला भाग?"

बाईंनी हातातल्या टॅबचा पडदा पुढे केला. त्यावर हातोडी घेतलेला माणूस होता.

"यंत्रांना न कळलेल्या चिरा तुमच्या कानाने पकडल्या, मामा. जुन्या नोंदींवरून जुळ्याने ते ओळखलं."

धाकूच्या अंगावर सर्रकन काटा आला. जन्मात कुणी शाबासकी दिली नव्हती, आणि एवढ्या अवाढव्य पुलाने आपल्याला ओळखावं! त्याने कठड्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले.

"पण परवा मी चाललो, बाई. दुसऱ्या कुणाला तरी शिकवतो ना!"

"दहा जणांचे कान तपासले. जुळा मानत नाही." बाईंचा आवाज उतरला. "आणि आजपासून सिग्नल त्याच्याच ताब्यात आहेत. तुमच्या कमरेच्या सुरक्षापट्ट्यातून त्याला तुमची नाडी कळते. कुठलाही भाग ढिला पडला की तो वाहतूक रोखतो."

"काहीतरीच काय!" धाकू मटकन खाली बसला.

अकरा किलोमीटरवरचे सगळे दिवे एकदम लाल झाले. हजारो गाड्या जागच्या जागी थांबल्या. कुठेतरी एका रुग्णवाहिकेचा भोंगा तेवढा वाजत राहिला.

धाकू हातोडीचा आधार घेत उठला. दिवे हिरवे झाले, गाड्या हलल्या.

ही रांग संपली की निघू, असं त्याने ठरवलं. खिशात शेवंतीचा फोन वाजत होता. रांग काही संपत नव्हती.