बाबांचं मशीन बंदच होतं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण यात पदरचं काही घातलेलं नाही. आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. रविवारची टळटळीत दुपार होती. छापखान्यामागची दोन टेबलांची खोली.

एक टेबल तिचं. दुसरं तिच्या बाबांचं.

बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, आईने शिवलेलं कापडी कव्हर तसंच होतं. मागे राहिलं होतं त्यांचं शेवटचं काम. मत्स्यालयाच्या भिंतीभर लावायचं समुद्राचं चित्र. थोडेच मासे राहिलेले; बाकी प्रत्येक मासा त्यांनी हाताने रंगवलेला आणि प्रत्येकाचा लेअर वेगळा. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे शेकडो.

सोमवारी सकाळी छपाई होती. आणि तिचं मशीन एक रेघ ओढायला चहा पिऊन यावं इतका वेळ घेत होतं.

शेवटी तिने चुलतभावाला बोलावलं. मशीन दुरुस्तीचं काम तोच करायचा.

"ताई, तू काडेपेटीत हत्ती कोंबतेयस," स्क्रू काढता काढता तो म्हणाला. "डिस्क गच्च भरलीय, ती रिकामी करतो. आणि ते लेअर एकत्र करून टाक. फाइल पिसासारखी होईल."

"एकदा एकत्र केले की सुटे होत नाहीत रे. बाबांचा हात जाईल त्यातला."

"मग रॅम वाढवायला हवी. आज दुकानं बंद." त्याची नजर दुसऱ्या टेबलाकडे गेली. "काकांचं मशीन नुसतं धूळ खातंय. त्यातली काढू?"

तिने कव्हरवरून हात फिरवला.

"काढ. पण कव्हर नीट घाल परत. आईने शिवलंय."

जाताना तो म्हणाला, "आता पळेल बघ. आणि काहीतरी खा. तोंड बघ आरशात, भूतसुद्धा घाबरेल."

मशीन खरंच पळू लागलं.

प्रत्येक लेअरपुढे डोळ्याचं छोटं चित्र असतं. तो मिटला की लेअर दिसेनासा होतो आणि मशीनवरचा भार उतरतो. बाबा नेहमी सांगायचे, "काम झालं की डोळा मिटायचा. मशीनलाही विसावा लागतो." ते खालून वर एकेक मिटत यायचे. हिला तेवढा धीर कधीच नव्हता. ही सगळे उघडे टाकायची.

ती चहा ठेवून परत आली, तर...

खालचे डोळे मिटलेले.

पेंगत आपणच मिटले असतील. तिने ते उघडले आणि हात मांडीवर ठेवून बघत बसली.

टिक...

एक मिटला.

टिक... त्याच्या वरचा.

माउसचाच आवाज. पण तिच्या माउसचा नव्हता.

तिने भावाला फोन लावला. "डोळे आपोआप मिटतात का रे?"

"नाही मिटत. ताई, तू झोप काढ जरा."

ऊन उतरलं. रंगवायचा एकच मासा उरला आणि मशीन पुन्हा अडखळायला लागलं. तिच्या अंगात त्राण नव्हतं. जाऊ दे. करू एकत्र. तिने बटण दाबलं.

मशीन थबकलं. पडद्यावर ओळ आली...

बदल करता येत नाही. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडी आहे.

खोलीत दुसरं मशीन एकच होतं.

तिने कव्हर उचललं. पडदा काळा. वायर भिंतीपासून सुटलेली, भावाने गुंडाळून ठेवलेली. आत रॅमच नाही.

तिने कव्हर परत नीट घातलं. मग हळूच म्हणाली, "नाही करत एकत्र. पण फाइल सोडा आता, बाबा. मला पुरी करू द्या."

टिक...

ओळ गेली.

सोमवारी चित्र छापलं गेलं. सगळे लेअर सुटेच राहिले.

भाऊ नवी रॅम घेऊन आला होता. तिने बाबांची काढून ती बसवू दिली नाही. अजूनही संध्याकाळी झालेल्या कामाचे डोळे खालून वर मिटत येतात. ती आता दचकत नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटतं. तेवढंच एक काम कमी.

फक्त काल...

ती ज्यावर रंगवत होती, तोच लेअर मिटला. बाबा काम झाल्यावरच डोळा मिटायचे. आणि हे तर अर्धंही झालं नव्हतं.

तिने डोळा उघडला.

टिक...

पुन्हा मिटला.