माझ्या पाठीमागची

लाल दोऱ्याची एक लडी आणायला गेलो होतो, बाकी काही नाही. दुकानदाराने विचारलं, कुठला लाल? आयुष्यभर कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाला काय ठाऊक? थोरलीने घरून जे सांगितलं होतं तेच सांगितलं. "रागाचा." त्याने मान वर न करता बरोबर लडी काढून दिली. म्हणजे असा रंग असतो.

घरी आलो. थोरली, म्हणजे माझी मुलगी, मागच्या खोलीत तिच्या आईच्या खिडकीपाशी बसली होती. समोर लाकडी चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड. आल्यापासून तिने मला तिकडे फिरकू दिलं नव्हतं. लडी द्यायच्या निमित्ताने घुसलो आणि पाहिलं. आमचंच जेवणाचं टेबल. एका बाजूला ती आणि धाकटा, शाळेच्या वयाचे, माना खाली. दुसऱ्या बाजूला मी उभा, हात उगारलेला. तोंडाच्या जागी पेन्सिलीने काढलेला भला मोठा गोल, अजून रिकामा. लाल दोरा त्याच्यासाठी होता.

"माझं तोंड एवढं मोठं आहे?"

"कमीच काढलंय, बाबा."

"आणि हे लोकांना दाखवणार?"

"प्रदर्शन आहे. घरात जे सोसलं ते ज्याने त्याने भरतकामात मांडायचं. हे एकदा टाक्यांत उतरून भिंतीवर गेलं की माझ्या डोक्यातून गेलं. मग या घरात माझं काही काम नाही."

म्हणजे परत येणार नाही. पोरगी तोंडावर बोलते, माझ्यावर गेलीय. बायको गेली त्यानंतर ती पहिल्यांदाच राहायला आली होती. मला वाटलं, माझ्यासाठी आली. म्हातारपणी माणसाचं गाढव होतं ते असं.

"तुझी आई कुठाय यात?"

सुई थांबली. "ती मागे ओट्यापाशी असायची. तुम्ही पुढे उभे राहिलात की दिसायची नाही."

लडी तिच्यापुढे ठेवली आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "कापडाला हात लावलात?"

जाऊन पाहतो तर कापडातल्या माझ्या खांद्यामागून एक कोपर बाहेर आलेलं. निळ्या दोऱ्याचं, बारीक टाक्यांचं.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी कोपर काढीन?"

"मग मांजराने काढलं?"

मला खोटं पाडलेलं चालत नाही. पेटीतून माझं सगळ्यात कडक कुलूप काढलं, त्या खोलीच्या दाराला घातलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. हे कुलूप मी स्वतः घडवलेलं. भले भले हात टेकून गेले. एकटी बायको ते केसांतल्या पिनेने उघडायची, आणि कसं ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

दुपारी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो. पडदे ओढलेले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नळाचा थेंबसुद्धा पडायचा थांबला होता. मग दाराच्या आतून आवाज यायला लागला.

टुप… सर्रर्र. टुप… सर्रर्र.

ताणलेल्या कापडात सुई शिरते आणि मागून दोरा ओढला जातो, तो आवाज. एवढे दिवस ऐकत होतो, चुकणार कसा? फक्त थोरली माझ्यासमोर बसली होती. दोन्ही हात मांडीवर.

"बाबा… ऐकताय?"

"उंदीर असेल."

मग कट्ट झालं. कुणीतरी दाताने दोरा तोडला. माझ्या बायकोने कधी कात्रीला हात लावला नाही. आणि दाराच्या फटीतून वास आला, डोकेदुखीच्या बामचा. ती रोज कपाळाला चोळायची. विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची.

"उंदीर… बाम लावतो?" थोरली कुजबुजली.

मी किल्ली घेतली. जन्मभर कुलपं उघडली, पण त्या दिवशी भोक सापडेना. शेवटी दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. खिडकी आतून लावलेली. कापडाला टोचलेल्या सुईतून दोऱ्याचं टोक लोंबत होतं आणि वारा नसताना हलत होतं. माझ्या उगारलेल्या हातामागे, माझ्या डोक्याच्या वर, ती उभी होती. निळी. दोन्ही अंगठे कानांत, बोटं पसरलेली, डोळे तिरळे, आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. जीभ लाल. माझ्या तोंडासाठी आणलेली अख्खी लडी तिने जिभेवर संपवली होती.

थोरलीच्या घशातून कसलासा आवाज निघाला. मला वाटलं, पोरगी भोवळ येऊन पडणार. धरायला गेलो तर ती हसत होती. हसता हसता खालीच बसली.

"विसरलेच होते मी… तुम्ही ओरडायला लागलात की आई मागे हेच करायची. रोज! आम्ही माना खाली घालायचो ना, ते हसू दिसू नये म्हणून."

"घाबरून नाही?"

"घाबरूनसुद्धा." तिने डोळे पुसले. "दोन्ही खरं आहे, बाबा."

"एवढी वर्षं? माझ्या पाठीमागे?" मी ओरडलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे, आणि पुन्हा फुटली. मग मलाही आवरेना. कवळी काढून हातात धरावी लागली.

तोंडाचा गोल तिने रिकामाच ठेवला. प्रदर्शनात लोक आधी गप्प उभे राहायचे, मग त्या जिभेपाशी पोचले की हसायचे. एक बाई रडत हसत होती. धाकट्याने कापड पाहिलं आणि मला मिठी मारली, उगाच.

आता दोघं दर रविवारी जेवायला येतात. कापड टेबलासमोरच्या भिंतीवर आहे, माझ्या अगदी डोळ्यांपुढे. गेल्या रविवारी कुणीतरी दार सताड उघडं टाकलं म्हणून मी उभा राहून दोघांना झापत होतो. दोघांच्या माना खाली. एवढे घोडे झालेत, पण खांदे गदगदत होते.

मी समोर कापडाकडे पाहिलं. त्यात मी होतो, हात उगारलेला. माझ्या मागे नुसतं पांढरं कापड, आणि सुईची बारीक भोकं.

बामचा वास अगदी मानेजवळ आला.

मी मागे वळलो नाही. दाराबद्दल बोलून झालं होतं, तरी आणखी बराच वेळ ओरडत राहिलो.