नको तो आवाज

आवाज येतोय ना नीट? विचारून घेतो, सवय आहे. आमच्या धंद्यात चित्र हललं तर लोक खपवून घेतात, आवाज फाटला की चपला शोधायला लागतात.

तर कॅमेरा घ्यायचा होता. हौस नव्हती. माझा खांद्यावरचा जुना कॅमेरा चांगला ठणठणीत होता, गिऱ्हाईकच बिघडलं. पूर्वी मी आलो की माणसं वाट द्यायची, केस सारखे करायची, नवरानवरी ताठ बसायची. आता कालचं कार्टं खिशातून फोन काढतं आणि मला म्हणतं, "अंकल, जरा सरकता का? फ्रेममध्ये येताय." मी फ्रेममध्ये येतोय! अरे, तुझ्या बापाच्या लग्नाची फ्रेम मी लावली.

एका कारखान्याचं काम आमच्याकडे वर्षानुवर्षं होतं. बक्षीस समारंभ, निरोप समारंभ, नव्या कामगारांना दाखवायच्या फिल्मा. त्यांनी सांगून टाकलं, या वर्षी नवा सेट घेऊन येणार असाल तर या, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. दुसरा माणूस म्हणजे कोण, तर दोन वर्षांपूर्वी मोबाइलचे रिचार्ज मारत होता तो. असो.

आमचं युनिट म्हणजे दोन माणसं. कॅमेऱ्यामागे मी, आणि आवाजाला माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला मी भोंगा म्हणतो. सकाळी डोळा उघडायच्या आधी त्याचं तोंड उघडतं आणि रात्री झोपेतही अर्धवट चालू असतं. लांब दांडीला माइक, माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपडं, त्याला तो मांजर म्हणतो. "दाजी, मांजराला भूक लागली" म्हणजे बॅटरी संपत आली. वीस वर्षं हाच विनोद, आणि वीस वर्षं स्वतःच हसतो.

शूटिंग संपलं की आम्ही त्या खोलीची शांतता टेपवर घेतो. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, नुसती खोली बोलते. पुढे आवाज जोडताना ती कामाला येते. माझ्याकडे शेकडो खोल्यांची शांतता आहे, आणि प्रत्येकीत भोंग्याचं दाबलेलं हसू आहे. अर्धा मिनिट तोंड बंद ठेवणं या माणसाला कधी जमलं नाही.

कॅमेरा घ्यायला निघालो तेव्हा बायको दारात आली. म्हणाली, "अहो, काय घ्यायचं ते घ्या. पण माझ्या भावाला वाऱ्यावर सोडू नका. त्याला दुसरं काही येत नाही, आणि आपल्याशिवाय त्याचं कोण आहे?"

"त्याला हेही कुठं येतं," म्हटलं. पण शब्द दिला.

दुकान तेच, तीन मजली. जिथं छतापर्यंत कॅसेटची खोकी असायची तिथं आता फोनची रंगीत कव्हरं लटकतात, खाटकाच्या दुकानात बोकडं लटकावीत तशी. वरच्या मजल्यावर काचेची खोली, त्यात कॅमेरे ओळीनं मांडलेले, आणि एक विक्रेता. गालावर माशी बसली तर घसरून पडेल असला गुळगुळीत.

"सर, हा कॅमेरा विचार करतो."

"मग इथं का बांधून ठेवलाय त्याला?"

हसला. यांना हसायचा पगार मिळतो. म्हणाला, "साउंडचा माणूसच लागत नाही, सर. कॉलरला हे छोटे माइक लावा, बाकी सगळं हा बघतो. नको ते काढून टाकतो."

भोंगा माझ्यामागेच उभा होता, गळ्यात हेडफोन, हातात दांडी. दुकानात दांडी कशाला आणली होती देव जाणे.

"नको ते कुठलं, हे याला कोण सांगतं?" मी विचारलं.

"शिकतो, सर. वापरणाऱ्याकडूनच शिकतो. तुम्हाला काय नको ते त्याला आपोआप कळत जातं."

"माझ्या बायकोला इतक्या वर्षांत नाही कळलं."

"ताईला सांगू का, दाजी?" मागून भोंगा.

आता मी काही शिकलेला माणूस नाही. खोक्यावरचे आकडे मला कळत नाहीत, आणि ज्यांना कळतात असं वाटतं त्यांनाही कळत नाहीत. माझी परीक्षा साधी. आधी खोलीची शांतता घ्यायची. मग एक टाळी. मग भोंग्यानं खोलीभर फिरत आकडे म्हणायचे. त्यानं म्हटले. "एक, दोन, तीन, दाजींचं टक्कल, चार, गुळगुळीत साहेबांचे गाल, पाच."

मग हेडफोन लावून ऐकलं. खोलीत एसी घरघरत होता, खाली रस्ता वाहत होता, शेजारी कुणीतरी चिकटपट्टी ओढत होतं. त्यातलं काही नाही. शांतता अशी, की कानात बोळे घातल्यासारखं वाटलं. माझी टाळी लख्ख. विक्रेत्याचं "वा, सर" लख्ख. आणि भोंगा नाही. पडद्यावर तो फिरतोय, तोंड हलतंय, दात दिसतायत. आवाज नाही.

"ते माइकच्या रेषेत नव्हते, सर," विक्रेता म्हणाला.

असेल. होतं तसं. मला मात्र हसू आवरेना. म्हटलं, "वीस वर्षांत मला जमलं नाही ते यानं पहिल्या फटक्यात केलं. यंत्राला अक्कल आहे. बांध रे, हाच घेतो."

भोंगाही हसला. मग माझ्या कानावरचे हेडफोन काढून त्यानं ते दोनदा ऐकलं. हेडफोन शर्टाला पुसले आणि हळूच टेबलावर ठेवले.

"स्वच्छ आहे, दाजी," म्हणाला. "पण मग मी काय करू?"

"वायरी गुंडाळ. दिवे धर. आणि तोंड बंद ठेव."

कारखान्यात पहिलंच काम झकास झालं. माणूस समोर आला की त्याच्या तोंडावर पिवळा चौकोन बसतो, फोकस आपोआप. माकडालाही जमेल, म्हणूनच आता माकडं हे काम करतात. समारंभाआधी दिवे बघायला मी भोंग्याला माइकपुढं उभं केलं. चौकोन त्याच्यावर बसेना. इकडं तिकडं फिरला आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर जाऊन बसला. घड्याळाचे काटे स्पष्ट, आणि भोंगा तोंडावर वाफ धरल्यासारखा.

"तुझं तोंड यंत्राला तोंड वाटत नाही," म्हटलं.

"ताईचंही असंच आहे, दाजी. तिच्यावर बसतो का बघा."

"गप रे. डोकं उठवू नकोस."

चहा आला. तिथल्या बाईनं एकच कप आणला.

"ओ मावशी, आणि मला?" भोंगा म्हणाला. ती वळलीही नाही. तो स्वतः जाऊन घेऊन आला. मी म्हटलं, फुकटचा चहा वाटणाऱ्यालाही आता गुर्मी आली.

परत येताना मी गाडी चालवत होतो. दुपार होती, रस्ता मोकळा. मला फार बरं वाटत होतं. का बरं वाटतंय ते थोड्या वेळानं लक्षात आलं. गाडीत शांतता होती. म्हटलं, अखेर शिकला गडी. आणि कौतुकानं बाजूला बघितलं.

भोंगा बोलत होता.

हात नाचवत होता, मान हलवत होता. एक वाक्य संपवून स्वतःच्याच विनोदावर मांडीवर थाप मारून हसला. इंजिनाचा आवाज मला येत होता. मागं दिव्यांचे स्टँड खडखडत होते, तेही ऐकू येत होते. थाप ऐकू आली नाही.

मी गाडी कडेला घेतली. कान दाबले, सोडले. "काय म्हणालास?"

त्याचे ओठ हलले. "दाजी" हे मला ओठांवरून कळलं. पुढचं नाही.

जुना सेट गाडीतच मागं पडलेला होता. भोंग्यानंच विकू दिला नव्हता. मी खाली उतरून तो काढला, दांडीला वायर लावली, हेडफोन कानावर चढवले आणि केसाळ माइक त्याच्या तोंडापुढं धरला. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या मागून, विहिरीतून यावा तसा, त्याचा आवाज.

"...रागावलात का, दाजी? कारखान्यातून निघाल्यापासून एका शब्दाला उत्तर नाही. मी काय केलं?"

"नाही रे," म्हटलं. "नाही रागावलो."

"मग बोला की. मी शेजारीच आहे, मध्ये मांजर कशाला?"

आणि हसला. ते हसू मला माहीत होतं. शेकडो खोल्यांतलं.

घरी गेलो. बायकोनं दोन ताटं वाढली. मी म्हटलं, "तिसरं?"

"तो आला नाही ना अजून?"

तो तिच्यासमोर बसला होता. पोटभर बोलत होता, ते त्याच्या हातांवरून दिसत होतं. मी म्हटलं, "हा काय बसलाय." तिनं बघितलं, दचकली, डोळे चोळले. "अगंबाई, लक्षच नाही गेलं माझं." ताट आणायला आत गेली, आणि आत गेली ती विसरलीच. मी माझं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी नवा सेट खोक्यात भरायला घेतला. तोंडानं शिव्या चालू होत्या. यंत्राला दिल्या, त्या विक्रेत्याला दिल्या, आणि शेवटी भिंगात बघून म्हटलं, "सगळ्यात मोठं गाढव मीच. असला माणूस हवाय कशाला कुणाला?" कॅमेरा बंद होता. वरचा लाल दिवा तेवढा लागलेला दिसला. खोकं बंद केलं.

दुकानात फोन केला. पूर्वीचा "सर" गेला होता.

"काका, उघडलेला माल परत घेत नाही आम्ही."

"बरं, मग जुन्या सेटची बॅटरी तरी आहे का? माझी शेवटची आहे, ती चार्ज धरत नाही."

"ते मॉडेल कधीच बंद झालं, काका. बाजारात मिळणार नाही. आणि जुनं आता ऐकतं कोण?"

तिकडून फोन ठेवला गेला. समोर भोंगा बसला होता. माझ्या कानावर हेडफोन, त्याच्यापुढं दांडी. म्हणाला, "दाजी, मांजराला भूक लागली." या वेळी हसला नाही. आवाज तुटायला लागला होता.

मी ठरवलं, आता फोन नाही. त्या गुळगुळ्याच्या उरावर बसून दोन्ही कामं करून घ्यायची. हा सेट परत, आणि गोदामात कुठंतरी पडलेली जुनी बॅटरी. वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी, काही लाज वाटेल की नाही? सकाळी निघताना बायकोला हाक मारली. तिनं ओ दिली नाही. पुन्हा मारली. ओट्याशी पाठ करून उभी होती, वळलीही नाही. म्हटलं, भावावरून रुसली असेल.

गाडी दुकानाखाली लावली. खोकं काखेत मारलं. भोंगा बरोबर चालत होता, दांडी खांद्यावर.

वर काचेच्या खोलीत गर्दी होती. सगळे कॅमेरे दाराकडं तोंड करून मांडले होते, आणि भिंतीवर मोठा पडदा होता. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर पिवळा चौकोन बसत होता. आमच्या पुढं एक बाई आत शिरली, चौकोन. तिच्या कडेवरचं बाळ, छोटासा चौकोन.

मग आम्ही शिरलो.

पडद्यावर मागचा जिना स्पष्ट दिसत होता. जिन्याच्या पुढं दोन धुरकट डाग. एकाच्या काखेत खोकं होतं. खोक्यावरचं नाव वाचता येत होतं.

मी काउंटरवर खोकं आपटलं. "ए, इकडं बघ."

विक्रेता एका जोडप्याशी बोलत होता. "सर, हा नको ते काढून टाकतो." त्याच्या पुढ्यात आवाज मोजायचं यंत्र होतं. त्याच्या शब्दांबरोबर हिरवे दिवे वर चढत होते, खाली येत होते.

मी ओरडलो. शिवी दिली, चांगली भरघोस.

दिवे हलले नाहीत.

पुन्हा ओरडलो. ते बाळ तेवढं माझ्या दिशेला बघत होतं. मग त्यानंही मान फिरवली.

"दाजी, ओरडू नका," मागून भोंगा म्हणाला. "मीही आधी ओरडून बघितलं."

आवाज लख्ख होता. खरखर नाही, तुटणं नाही. इतक्या जवळ, की त्याचा श्वास ऐकू येत होता.

"चला, घरी जाऊ," तो म्हणाला. "वाटेत तुम्हाला एक गंमत सांगतो."

बोलायच्या आधी सवयीनं हेडफोन सारखे करायला मी कानाकडं हात नेला.

हेडफोन गाडीतच राहिले होते.