चार नंबरचा फुगेवाला

"अकरा!" भोंगा ओरडला.

"हळू रे! मी तुझ्या शेजारीच बसलेय, नदीपलीकडे नाही," मोजपट्टीने कानांवर हात ठेवले. "पण बरोबर. अकराच."

भोंगा शिंकला की आवारातल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजतात, असं वर्कशॉपमध्ये सांगत. ही साफ थाप होती. एकाच गाडीचा हॉर्न वाजला होता, पण तो मात्र खरोखर वाजला होता. भोंगा तेरा वर्षांचा. त्याची चुलतबहीण मोजपट्टी त्याच्याहून वर्षाने लहान आणि वीतभर उंच. सुट्टीत काकांकडे आल्यापासून तिने जिन्याच्या पायऱ्या, शेजारणीच्या जांभया, अगदी मांजराच्या मिशासुद्धा मोजल्या होत्या. मांजराने तिला दोनदा ओरबाडलं होतं. तेही तिने मोजलं होतं.

आणि तिसरी होती शेपूट, भोंग्याची आठ वर्षांची बहीण. ही दोघं जातील तिथे ती मागोमाग, हातात रंगीत खडूंची डबी घेऊन.

आरोग्य केंद्राच्या सहा पांढऱ्या गाड्यांची महिन्याची तपासणी आज होती. सहाही गाड्या एकाच कंपनीच्या आणि एकाच वर्षीच्या, जणू सहा जुळ्या बहिणी! वर्कशॉपचे जुने मेकॅनिक तारमास्तर त्या एकेक करून शेडमधून आवारात आणत होते. मुलं मागच्या सीटवर बसत आणि चाळीस पावलांचा तो प्रवास जगप्रवासाच्या थाटात करत. त्यात मोजपट्टीने खेळ काढला होता. किल्ली अर्धी फिरवली की काट्यांच्या काचेमागे रंगीत दिवे लागतात, ते किती हे ओळखायचं.

एक नंबर, अकरा. दोन नंबर, अकरा. तीनमध्येही तेवढेच. तारमास्तरांनी चार नंबरची किल्ली फिरवली.

"अकरा!" भोंग्याने न बघताच आरोळी ठोकली.

"दहा," मोजपट्टी म्हणाली.

"तुझी मोजणी बिघडली."

"माझी? तारमास्तर, पुन्हा फिरवा ना!"

तारमास्तरांनी पुन्हा फिरवली. दहाच. पाचमध्ये अकरा, सहामध्येही अकरा. भोंग्याने सहाचे दिवे स्वतः बोटाने मोजून पाहिले.

"फुगेवाला नाहीये," शेपूट मागून म्हणाली.

"कोण फुगेवाला?"

तिने वही पुढे केली. सहाही गाड्यांचे दिवे तिने खडूने काढले होते. प्रत्येक पानावर एक लाल माणूस खुर्चीत बसलेला आणि त्याच्या तोंडासमोर गोल फुगा. चार नंबरच्या पानावर मात्र त्याच्या जागी कोरा कागद होता.

तारमास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ते चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"हा एअरबॅगचा दिवा," ते म्हणाले. "गाडी जोरात धडकली ना, की या स्टिअरिंगच्या चाकातून पिशवी फुगून बाहेर येते. तुम्ही पापणी मिटायच्या आत. एकदा माझ्यासमोर फुटली, तर माझी टोपी उडाली ती थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली. अजून तिथेच आहे."

"थाप!" भोंगा म्हणाला.

"टोपीची थाप असेल. पिशवीची नाही." तारमास्तरांचा आवाज बदलला. "किल्ली फिरवली की ही यंत्रणा स्वतःची हजेरी घेते. दिवा लागतो, म्हणजे मी जागी आहे. पाच-सहा सेकंदांनी विझतो, म्हणजे माझं सगळं ठीक आहे. विझलाच नाही, तर काहीतरी दुखतंय. आणि लागलाच नाही..."

"तर हजेरीला कोणी नाहीच," मोजपट्टी हळूच म्हणाली.

चार नंबर आत्याची गाडी होती. आत्या परिचारिका. आज दुपारी दोन वाजता लशींची पेटी घेऊन ती डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर निघायची होती, दहा दिवसांसाठी, एकटी. त्या रस्त्यावर बत्तीस वळणं होती. मोजपट्टीने गेल्या सुट्टीत मोजली होती.

"तुम्हीच दुरुस्त करा ना!"

"तपासणी साहेबांची. त्यांनी कागदावर दोष लिहिल्याशिवाय मी स्क्रूसुद्धा हलवत नाही. आणि मी सांगायला गेलो तर ते आधी टोपीचं विचारतात. तुम्ही सांगा. आणि हो, त्या चाकाजवळ कोणी बोट लावायचं नाही. ते काम शिकलेल्या माणसाचं."

साहेब म्हणजेच काका, भोंग्याचे बाबा. वर्कशॉपचे मुख्य. असा हसरा माणूस की गाडीसुद्धा त्यांना बघून सुरू व्हायची. ते केबिनमध्ये चहा पीत होते. समोर सहा गाड्यांचे सहा कागद होते आणि प्रत्येकावर तेहतीस प्रश्न.

मोजपट्टीने सगळं सांगितलं. काका खो खो हसले.

"अगं, दिवा लागला तर काळजी करायची! लागत नाही म्हणजे दुखणं नाही. हे बघ, सतरावा प्रश्न. एअरबॅगचा दिवा लागून विझतो का? विझलेलाच आहे की! बरोबर."

"पण काका, आधी लागायला हवा ना?"

"बाळा, या गाड्या मला तळहातासारख्या पाठ आहेत. तरी तू म्हणतेस म्हणून साडेबाराला स्वतः एकेक प्रश्न वाचून तपासतो. शब्द दिला. झालं?"

मोजपट्टीचं लक्ष कागदांकडे होतं. तपासणी व्हायची होती, पण तेहतीसच्या तेहतीस चौकटींत बरोबरच्या खुणा आधीच होत्या. वरून खालपर्यंत एका सरळ रेषेत, जणू वाळत घातलेल्या चड्ड्या.

टायरांच्या ढिगाऱ्यामागे बैठक बसली.

"आत्याला सांगून टाकू," शेपूट म्हणाली.

"ती बाबांना विचारणार. बाबा म्हणणार, ठीक आहे. ती म्हणणार, बरं." भोंगा टायरला नखाने कोरत होता. त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मोजपट्टीला पुढे वाकावं लागलं. "आणि सगळ्यांसमोर बोललो तर बाबांचं हसं होईल. मला ते नकोय."

मोजपट्टीलाही नको होतं. तिला सायकल काकांनीच शिकवली होती. तिच्यामागे अख्खा रस्ता धावत, सीट धरून. सीट कधी सोडली ते तिला कळलंही नव्हतं. असा माणूस न बघता खूण कशी करतो? तिला काकांचा राग येत नव्हता, आणि त्याचाच तिला राग येत होता.

"त्यांनी शब्द दिलाय," ती शेवटी म्हणाली. "पाळायची संधी देऊ. खरंच तपासलं तर दिवा त्यांनाच सापडेल आणि आपण कुणाला काही सांगायचं नाही. फक्त तपासलं की नाही, ते कळायला हवं."

"कसं कळणार?"

मोजपट्टीने शेपटीच्या खडूंकडे पाहिलं.

पुढच्या पाऊण तासात शेपटीने सहा चिठ्ठ्या रंगवल्या. प्रत्येकीवर लाल फुगेवाला आणि खाली भोंग्याच्या वाकड्या अक्षरात मजकूर: 'ही चिठ्ठी ज्याला दिसेल त्याने मोठ्याने कुकूचकू म्हणावे!' तारमास्तरांनी दारं उघडून दिली आणि स्वतः आकाशाकडे बघत उभे राहिले. प्रत्येक गाडीत काट्यांच्या काचेवर, बरोबर मध्यभागी, एकेक चिठ्ठी हलकेच चिकटली. त्या न बघता दिवे तपासायचे तर माणसाला डोळे मिटूनच बसावं लागलं असतं!

साडेबारा वाजले. काका बाहेर आले. मुलं टायरांमागून बघत होती.

"म्हणा बाबा, म्हणा," भोंगा पुटपुटला.

काकांनी एक नंबरच्या टायरला पायाने हलकेच ठोकलं. दोन नंबरच्या बॉनेटवर थाप दिली. तीनच्या आरशात केस सारखे केले. इतक्यात केबिनमधला फोन वाजला. त्यांनी फोनकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं आणि चार, पाच, सहाकडे बघून, लग्नातल्या पाहुण्यांना करावा तसा, लांबूनच हात हलवला. मग ते आत गेले.

कुकूचकू काही ऐकू आलं नाही.

भोंग्याने मान खाली घातली. मोजपट्टीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आज पहिल्यांदाच तिने काहीही मोजलं नाही.

पावणेदोनला आत्या आली. लशींची पेटी मागच्या सीटवर पट्ट्याने नीट बांधली. काका हातात चार नंबरचा कागद घेऊन बाहेर आले.

"घे गं, तेहतीसपैकी तेहतीस! तुझी गाडी एकदम ठणठणीत."

"दादा, तू आहेस म्हणून मला काही बघावं लागत नाही बघ," आत्या म्हणाली आणि गाडीत बसली. मग अख्ख्या आवारात घुमलं:

"कुकूचकू!"

काका दचकले. "काय झालं?"

"इथे तसं लिहिलंय!" आत्या चिठ्ठी नाचवत उतरली. "काट्यांच्या काचेवर चिकटवलेली होती. गंमत आहे हं, दादा! तुझीच का?"

काका हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी चिठ्ठी घेतली. फुगेवाल्याकडे पाहिलं. मग तीन नंबरचं दार उघडून आत डोकावले. मग दोनचं. मग एकचं. प्रत्येक दार त्यांनी आधीच्यापेक्षा हळू लावलं.

टायरांमागून तीन डोकी वर आली.

"सहा आहेत, काका," मोजपट्टी म्हणाली. "तुम्हाला एक जरी दिसली असती ना, तर आम्ही काहीच बोललो नसतो. आत्या आज त्या डोंगरावरून जाणार आहे."

आता काका ओरडतील, असं सगळ्यांनाच वाटलं. काका चार नंबरमध्ये बसले. किल्ली अर्धी फिरवली. बोटाने एकेक दिवा मोजला. दहा. पुन्हा मोजले. मग जिथे अकरावा दिवा हवा होता तिथे काचेवर बोट ठेवलं.

"चिकटपट्टी," ते म्हणाले. "काळी चिकटपट्टी. मीच लावली होती."

"तू?" आत्या म्हणाली.

"तो दिवा विझत नव्हता. डोळ्यात येतो म्हणून तू कुरकुर करत होतीस, आठवतं? त्या दिवशी गर्दी होती. म्हटलं, सध्या झाकू, सोमवारी बघू." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "तीन महिने झाले त्याला. मी साफ विसरलो. आणि दर महिन्याला खूण करत राहिलो."

आत्या त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "दिवा गेला म्हणून मी खूश होते, दादा. तो का गेला, हे मीही विचारलं नाही."

काकांनी चार नंबरचा कागद घेतला, सतराव्या खुणेवर फुली मारली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोष आहे. "तारमास्तर, घ्या कामाला. आणि टोपीचं मी पुन्हा कधी विचारणार नाही."

"विचारा की," तारमास्तर म्हणाले. "मला सांगायला आवडतं."

त्यांनी मुलांना दहा पावलं लांब उभं केलं, बॅटरीची तार सोडली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं नुसते बसून राहिले. ताण उतरू द्यावा लागतो, म्हणाले. मग सीटखाली हात घातला. पिवळ्या वेष्टनातली एक जोडणी अर्धवट सुटली होती, नखाएवढीच. तेवढ्यावरून ती यंत्रणा तीन महिने हाका मारत होती आणि तिच्या तोंडावर पट्टी होती. जोडणी बसवली, काचेमागची पट्टी काढली, यंत्र लावून दोष गेल्याची खात्री केली आणि त्याची जुनी नोंद पुसली.

तोवर काकांनी बाकीचे पाच कागद फाडले होते. कोरे कागद त्यांनी मोजपट्टीच्या हातात दिले.

"तू प्रश्न वाच. मी बघतो. मी 'हो' म्हटल्याशिवाय खूण करायची नाहीस, आणि मी नीट बघितलं नाही असं वाटलं तर माझं 'हो'सुद्धा मानायचं नाहीस."

"पण आधी चार नंबर," आत्या म्हणाली. "मला उशीर झालाय. होऊ दे!"

तेहतीस प्रश्नांना पन्नास मिनिटं लागली. सतराव्याला सगळे दाराशी गोळा झाले. आत्याने किल्ली फिरवली. लाल फुगेवाला लागला.

"एक, दोन, तीन," मोजपट्टी मोजू लागली. भोंगाही मोजू लागला, त्यामुळे पलीकडच्या गल्लीलाही कळलं. "चार, पाच, सहा!"

दिवा विझला.

आत्याने तिघांचे गाल ओढले. "मी आयुष्यभर लोकांची नाडी मोजली. माझ्या गाडीची तुम्ही मोजलीत," ती म्हणाली. पट्टा लावून ती निघाली आणि वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत काका जागचे हलले नाहीत. मग त्यांनी भोंग्याला जवळ ओढलं.

"माझं हसं होईल म्हणून घाबरला होतास ना?"

भोंग्याने मान हलवली.

"तू गप्प राहिला असतास, तर मला पुढे कधीच हसता आलं नसतं रे."

संध्याकाळचं ऊन आवारात तिरपं आलं, तरी तपासणी चालूच होती. बाह्या वर केलेले काका, हातात टॉर्च, नाकाला काळं. मोजपट्टी वाचत होती, "सहा नंबर, एकतिसावा प्रश्न. डिकीतलं जादा चाक, हवा आणि पकड."

काकांनी चटई उचलली, डोकं आत घातलं, मग खांदेही. शेपूट भोंग्याचा सदरा ओढून तोंडावर हात दाबत उभी होती. चिठ्ठ्या तिने सहा नाही, सात रंगवल्या होत्या.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग डिकीच्या पोटातून, चाकाच्याही खालून, एक दबका पण खणखणीत आवाज आला:

"कुकूचकू!"

मोजपट्टीने खूण केली.