मागे कोणी नाही

त्या रविवारी बस सुटायच्या वेळी घड्याळजींच्या बायकोने नारिंगी जाकीट मागितलं, आणि बसमधल्या गप्पा एकदम थांबल्या.

मंडळाचं काम साधं होतं. दर रविवारी शहरातली साठीकडे झुकलेली माणसं बसने बाहेर न्यायची आणि सोप्या वाटांनी फिरवून आणायची. थोडं माळरान, थोडं जंगल, मग नदीचं खोरं, आणि शेवटी पुलापाशी उभी असलेली बस. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, 'सोपी वाट, सर्वांसाठी'.

चालायची एक पद्धत होती. सगळ्यांच्या पुढे कवायत मास्तर. शाळेतली नोकरी संपून वर्षं झाली तरी शिट्टी त्यांच्या गळ्यातच. सगळ्यांच्या मागे नारिंगी जाकीट घातलेला एक जण, त्याला म्हणायचं शेपूट. जिथे वाट फुटते तिथे मास्तर आपल्या पाठीमागच्या माणसाला उभं करून पुढे जायचे. तो झाला खांब. येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हाताने वाट दाखवायची, आणि शेपूट येऊन "चला, मागे कोणी नाही" म्हणालं की मगच जागा सोडायची. शेपूट आल्याशिवाय खांब हलत नाही. नियम एवढाच. एवढाच नियम पाळायचा होता.

गेल्या पानगळीत घड्याळजी खांब होते. जंगलातल्या वळणावर, एका वठलेल्या झाडापाशी. शेपूट होते मंडळाचे चिटणीस. पाऊस आला. चिटणिसांचे बूट नवे होते आणि माळरानावरून खाली डांबरी रस्ता दिसत होता. मागे रेंगाळलेल्या दोन-तीन मंडळींना घेऊन ते रस्त्याने सरळ बसपाशी आले. जंगलात गेलेच नाहीत. पुढचे खांब पावसाला कंटाळून आपणच निघून आले. बसमध्ये कोणी डोकी मोजली नाहीत. एक सीट रिकामी दिसली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "घड्याळजी ना? जावयाच्या गाडीने गेले असतील."

घड्याळजींना जावई नव्हता. मुलगीही नव्हती. घरी एक बायको होती. तिने रात्री चिटणिसांना फोन केला, तर उत्तर मिळालं, "सगळे उतरले वहिनी, मी स्वतः बघितलं." म्हणून पोलिसांनी रात्रभर शहर शोधलं. सकाळी एका लाकूडतोड्याला ते त्या झाडाला पाठ टेकलेले सापडले. हाकेच्या अंतरावर लाकूडतोड्यांची शेड होती. तिथे शेगडी होती, कोरडी लाकडं होती. ते तिकडे गेले नव्हते.

मंडळाने शोकठराव केला. त्यात लिहिलं, 'वाट चुकल्याने निधन'. वाट चुकल्याने! ज्या माणसाला तुम्ही इतरांना वाट दाखवायला उभं केलंत, जो जागचा हलला नाही म्हणून मेला, त्याच्याबद्दल हे लिहायला हात कसा धजतो? ठरावावर सही चिटणिसांचीच होती. ते अजून चिटणीस आहेत.

घड्याळजींच्या बाई त्यानंतर फिरायला आल्या नाहीत. पण मंडळातले दातांचे डॉक्टर एकदा बाजारात भेटले. जबडे उघडे ठेवलेल्या लोकांशी बोलून बोलून त्यांना उत्तराची वाट न बघता बोलायची सवय लागली होती.

"मावशी, रागावू नका हं. त्या वळणावर परवा मास्तरांनी खांब ठेवलाच नव्हता म्हणे. पण मला तर कोणीतरी हात दाखवला. मी थँक्यूसुद्धा म्हणालो..."

बाई रागावल्या नाहीत. भाजी न घेता घरी आल्या आणि दार लावून बसून राहिल्या. आपला नवरा त्यांना माहीत होता. गिऱ्हाईक दुपारी येतो म्हणालं की हा माणूस घड्याळं दुरुस्त करायचं दुकान सोडून जेवायला यायचा नाही. गिऱ्हाईक विसरायचं, हा बसून राहायचा. आता तिथेही तो तसाच उभा होता, पावसात, उन्हात, एकटा. कोणीतरी जाऊन त्याला 'चला' म्हणायला हवं होतं. आणि ते म्हणायचा हक्क फक्त शेपटाचा.

म्हणून ते जाकीट.

"वहिनी," चिटणीस घसा खाकरून म्हणाले, "शेपटाला जरा अनुभव लागतो."

"मागून चालायचा? लग्न झाल्यापासून तेच करतेय मी. तुम्ही सांगा, तुम्हाला किती आहे?"

पुढच्या सीटवर कोणाला तरी ठसका लागला. मास्तरांनी पिशवीतून जाकीट काढून दिलं. बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून एवढंच सांगितलं, "त्या झाडापाशी आज कोणाला उभं करू नका. जागा भरलेली आहे."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी बाईंच्या डोळ्यांत बघायचं मात्र टाळलं.

माळरानावर वारा होता. वाळकं गवत एका बाजूला झोपलेलं, आणि त्यातून एकच पायवाट. पुढे माणसांची रांग रंगीत टोप्यांची, हसणारी. बाईंच्या जवळ कोणी रेंगाळलं नाही. दुःख झालेल्या माणसाशी काय बोलायचं हे न सुचल्यामुळे लोक त्याच्यापासून जे अंतर ठेवतात, तेच अंतर रांगेत पडलं होतं. टेकाडापलीकडे टोप्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. मग फक्त वारा आणि जाकिटाचा फडफडाट.

जंगलात शिरल्यावर वाराही थांबला. ओल्या पानांचा कुजका, गोडसर वास. भर दुपारी तिथे उजेड संध्याकाळचा होता. वळण आलं. वठलेलं झाड आलं. त्याच्या सालीवर पाठीएवढ्या जागेत शेवाळ उगवलेलं नव्हतं.

बाई समोर उभ्या राहिल्या. कित्येक दिवस मनात घोकलेलं वाक्य तोंडातून भलतंच मोठ्याने निघालं.

"चला! मागे कोणी नाही!"

आवाज झाडांतून लांबवर गेला. काही झालं नाही. कुठेतरी एक काटकी मोडली, तेवढंच.

"ऐकलंत का? पुरे झालं उभं राहणं. चला म्हणतेय ना मी..."

त्या वाट बघत राहिल्या. मग डोळे पुसून निघाल्या. थोडं पुढे गेल्यावर मागे पानं वाजली. एक पाय नीट पडत होता, एक किंचित ओढत. दुकानातल्या स्टुलावर जन्म काढलेल्या माणसाचा पाय.

बाईंनी वळून पाहिलं नाही. भीती वाटत होती, पण भुताची नाही. वळले आणि तिथे कोणीच नसलं तर? त्यापेक्षा हा आवाज बरा. त्या मुद्दाम सावकाश चालल्या, आणि मागचा पायही सावकाश झाला.

जंगलाच्या कडेला लाकडी फाटकापाशी बँकेतल्या ताई खांब होत्या.

"चला ताई. मागे कोणी नाही."

ताई हलल्या नाहीत. बाईंच्या खांद्यावरून मागे बघत सहज म्हणाल्या, "अहो मावशी, ते येतायत की. येऊ दे ना त्यांना."

मग त्यांनी नीट पाहिलं. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण चेहरा पांढराफटक पडत गेला. त्या फिरल्या आणि जवळजवळ पळतच खाली गेल्या.

नदी लागली. पाणी दगडांवरून संथ वाहत होतं. एक वाट पाण्याच्या काठाने पुलाकडे, दुसरी वर गिरणीच्या पडक्या भिंतींकडे. तिथे दातांचे डॉक्टर उभे होते. त्यांनी बाईंना पाहिलं, बाईंच्या मागे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडेना.

"मावशी... तुम्ही व्हा पुढे. मी... घेऊन येतो त्यांना."

बाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला. पुलापर्यंत त्या कशा पोचल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. आला होता. हलला होता तिथून. एवढंच हवं होतं त्यांना.

बसमध्ये मास्तरांनी डोकी मोजली. गेल्या वर्षापासून मोजत होते. डॉक्टर नव्हते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

"येतील हो," चिटणीस म्हणाले, "त्यांची बहीण राहते इथे जवळच कुठेतरी. तिच्याकडे गेले असतील."

बाई उठून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एका माणसाला मागे ठेवून ही बस हलली, तर मी चाकाखाली झोपेन. आणि माझ्या ठरावावरही तुम्हीच सही करा."

मास्तर उतरायला लागले. बाईंनी त्यांना हाताने अडवलं. "तुम्ही इथल्यांना सांभाळा. शेपूट मी आहे."

काठाने त्या एकट्याच परत निघाल्या. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उभा चढ. समोरून येणारा माणूस चुकायला जागाच नव्हती. त्यांना कोणीही भेटलं नाही.

डॉक्टर तिथेच होते. ताठ, हात अंगाला चिकटलेले.

"डॉक्टर, चला. बस थांबलीय."

"आले होते ते." डॉक्टरांचा आवाज कोरडा होता. "घड्याळजी. माझ्यासमोरून गेले, पुलाकडे. झपझप गेले मावशी. खूश दिसत होते."

बाईंनी डोळे मिटले. छातीवरचं काहीतरी हललं, सैल झालं. "मग तुम्ही का थांबलात?"

"मी विचारलं त्यांना, तुम्हीच शेवटचे ना? पद्धतच आहे ना विचारायची..."

"मग?"

"म्हणाले, हलू नका. हिने 'चला' म्हटलं ते काही एकट्या मलाच ऐकू आलेलं नाही. मागे अजून आहेत."

नदीचा आवाज तेवढा येत राहिला. पलीकडे, जंगलाच्या वर, माळरानाचा उतार इथून स्पष्ट दिसत होता. कोणाच्या तरी मेंढ्या पायवाटेवर पसरून चरत होत्या. सगळ्यांत वरच्या मेंढीने मान वर केली आणि ती वाटेवरून बाजूला झाली. मग तिच्या खालची. मग तिच्या खालची. माणसं आली की होतात तशा, घाई न करता, दोन्ही अंगांना. वाट वरपासून जंगलापर्यंत मोकळी झाली. मेंढ्या कडेला उभ्या राहून त्या रिकाम्या वाटेकडे बघत राहिल्या.

बराच वेळ गेला. एकही मेंढी वाटेवर परत आली नाही.

"मावशी," डॉक्टर कुजबुजले, "तुम्ही जा... मला एकट्याला थांबायला..."

"गप्प बसा," बाई म्हणाल्या. "एकट्याला कोणी ठेवणार नाही इथे."

त्या त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. पुलाकडून पुन्हा हॉर्न ऐकू आला, लांबलचक. जंगलाच्या कडेचं फाटक करकरत उघडलं, आणि उघडंच राहिलं.

डॉक्टरांनी हात उचलला आणि पुलाची वाट दाखवली.