आमच्या बाजूचा माणूस

घर घेताना स्वतःचा एजंट कशाला हवा, यावरून माझं आणि बायकोचं, मिनलचं, आठवडाभर वाजत होतं. ती म्हणे, "बिल्डरचा माणूस बिल्डरचंच बोलणार. आपल्या बाजूनं कोण बोलेल?" मी म्हणे, मला तोंड आहे ना! चाकणच्या कंपनीत सतरा वर्षं क्वालिटीला काढलीत, मला कोण गंडवतंय?

शनिवारी दुपारी आम्ही मोशीला साइट बघायला गेलो. मी, मिनल आणि आई. थेरगावच्या एका खोलीत आई आजवर स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाय घालून झोपत आली. तिला खिडकीची स्वतंत्र खोली द्यायची, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

गेटवरच्या वॉचमननं वहीत चार माणसं लिहिली.

"तिघं आहोत, भाऊ."

त्यानं आमच्या मागं पाहिलं. आकडा काही खोडला नाही.

ऑफिसात रश्मी नावाची मुलगी होती. "सर, तुमचे एजंट सकाळीच बोलून गेले."

"आम्हाला एजंट नाही."

"असं कसं? नदीकडचा कोपऱ्याचा फ्लॅट आम्ही कुणालाच देत नव्हतो, तो त्यांनी सोडवला. भावही पाडला. भारी चिवट माणूस आहे हो तुमचा!"

दुसऱ्या कुणाची तरी फाइल असणार, हे मला कळत होतं. पण आयतं मिळतंय तर कशाला बोला, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

सातव्या मजल्यावर जाऊन मी टेप लावून सगळं मोजलं. मापं चोख. भिंती सरळ. फक्त आतल्या खोलीत ओल्या मातीचा वास येत होता. आई तिथल्या खिडकीशी उभी राहून हळू आवाजात काही बोलत होती. मी हाक मारली तशी गप्प झाली.

खाली आल्यावर आईला बाहेर खुर्चीत बसवलं, मिनल तिच्यासाठी पाणी आणायला गेली. रश्मीनं माझ्यापुढं फॉर्म ठेवला. राहणारी माणसं : दोन. खाली सही. माझीच, पण मी कधी न केलेली.

"तीन करा," मी म्हणालो.

"सर, सौदा तर त्यावरच झालाय. तीन माणसांना तो फ्लॅट नाही."

"का नाही?"

"ते मला नाही माहीत. वरून आहे."

"मग रद्द करा!"

"आता नाही होणार. ठरलेलं त्यांनी देऊनही टाकलं."

"काय दिलं?"

तिनं काचेतून बाहेर पाहिलं.

मी धावलो.

आई खुर्चीतच होती. जीव भांड्यात पडला. शेजारची रिकामी खुर्ची कुणीतरी तिच्याकडं वळवून ठेवली होती.

"आई, चल. नको आपल्याला हे घर."

"आसं करू नगं. भला माणूस हाय तुझा. मला इचारूनच केलं त्यानं." ती हसली. "मी व्हय म्हणले."

मला रडू फुटलं. मी तिचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मिनल पाणी घेऊन आली. आईनं दुसऱ्या हातानं चष्मा काढला, पदराला पुसला आणि तिच्यापुढं धरला.

"ठेव गं. आता लागायचा न्हाई."